उंबरठ्यापासून मेट्रोपर्यंत

जानेवारी २००१ मध्ये विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले असता दिल्लीतील काही ऐतिहासिक वास्तू पाहण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली होती. व्हीलचेअरशिवाय हालचाल करू न शकणाऱ्या या थोर पाहुण्यासाठी कुतुबमिनारासारख्या ठिकाणी घाईघाईने तात्पुरते रॅम्प उभारण्यात आले. अपंगांच्या हक्कांसाठी झटणारे जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी यांचा पाठपुरावा त्यामागे होता. वृत्तपत्रांतून या घटनेची बरीच चर्चा झाली आणि सार्वजनिक वास्तूंत अपंगांनाही जाता आले पाहिजे, ही मागणी राजधानीतील सुशिक्षित वर्गाच्या कानी ठळकपणे पडली. तथापि एक साधा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला. हॉकिंग यांच्या वाहनाची व्यवस्था अर्थातच झालेली होती. करोलबागेत किंवा पहाडगंजात राहणाऱ्या, चालू न शकणाऱ्या सामान्य नागरिकाने त्या रॅम्पपर्यंत यायचे कसे?

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत राजधानीचे रूप पालटले, हे कोणीही मान्य करील. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी या मार्गावर दिल्ली मेट्रो धावू लागली, तेव्हा लिफ्ट, रुंद प्रवेशफाटक, अंधांना पावलांनी ओळखता येतील अशा उंचवट्यांच्या पट्ट्या आणि डब्यात व्हीलचेअरसाठी जागा या सोयी तिच्या आराखड्यातच अंतर्भूत होत्या. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या सुमारास खालच्या तळाच्या बसगाड्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या. पुढे दिल्ली शासनाने पुन्हा उंच तळाच्या बसगाड्या घेण्याचे ठरविले, तेव्हा स्वतः व्हीलचेअर वापरणारे निपुण मल्होत्रा न्यायालयात गेले; ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि २०१९ साली हायड्रॉलिक लिफ्ट बसविलेल्या बसगाड्या दाखल झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या नमो भारत रेल्वेच्या स्थानकांवर तर स्ट्रेचर मावेल एवढ्या लिफ्ट आहेत. या कामगिरीचे श्रेय ज्यांचे त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

परंतु प्रवास स्थानकात सुरू होत नाही. तो घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो. मयूर विहारात राहणारी, व्हीलचेअर वापरणारी एखादी व्यक्ती एम्स रुग्णालयात तपासणीसाठी निघाली आहे, असे समजू. गुलाबी मार्गिकेने आयएनए, तेथून पिवळ्या मार्गिकेने पुढचेच स्थानक एम्स. नकाशावर हा प्रवास सोपा आहे आणि मेट्रोच्या हद्दीत तो खरोखरच सोपा आहे. मात्र घर ते स्थानक हे अंतर पार करताना पदपथाची उंची गुडघ्याशी येते. तो चढून गेले, तर मध्येच विजेचा खांब, पुढे कोणाचे तरी जनरेटर, त्यापुढे ओळीने लावलेल्या स्कूटर. मग रस्त्याच्या कडेने, वाहनांच्या मधूनच खुर्ची ढकलावी लागते. स्थानकाबाहेर ई-रिक्षा पुष्कळ असतात. पण समोरासमोरच्या बाकांमधल्या वीतभर जागेत पाय न वाकणाऱ्याने बसायचे कोठे, आणि खुर्ची ठेवायची कोठे? ऑटोरिक्षात माणूस कसाबसा बसतो, खुर्ची मात्र चालकाच्या शेजारी आडवी, निम्मी बाहेर लोंबकळत जाते. ही झाली त्यातल्या त्यात बऱ्या परिस्थितीतील गोष्ट. वसंत कुंजातील इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर ही मणक्याच्या दुखापतींवर उपचार करणारी देशातील अग्रगण्य संस्था. १९६५ साली एव्हरेस्टवर पाऊल ठेवून त्याच वर्षीच्या युद्धात जायबंदी झालेले मेजर हरिपालसिंग अहलुवालिया यांनी ती उभारली. ज्यांना चालता येत नाही असेच लोक जेथे वारंवार जातात, तो वसंत कुंज परिसर मेट्रोच्या पहिल्या तीन टप्प्यांत जोडला गेला नाही. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून अनेकदा यावे लागणाऱ्या रुग्णाला टॅक्सीवाचून गत्यंतर नाही, आणि उपचारांच्या खर्चाइतकाच टॅक्सीचा खर्चही त्याच्या घराला जाणवतो.

२०११ च्या जनगणनेनुसार दिल्लीतील अपंग व्यक्तींची संख्या २ लाख ३४ हजार ८८२ होती आणि त्यांपैकी ६७ हजार ३८३ व्यक्तींचे अपंगत्व हालचालीशी निगडित होते. गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडा येथील संख्या यात धरलेली नाही. गुडघे झिजलेले वृद्ध, पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेले, शस्त्रक्रियेनंतर महिनाभर घरी पडून असलेले हेही या आकड्याबाहेरच आहेत. (शासकीय व्यवहारात ‘अपंग’ या शब्दाच्या जागी आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. नावाचा गौरव व्हावा हे चांगलेच; पदपथाची उंचीही त्याबरोबर कमी झाली असती, तर अधिक बरे झाले असते.) २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये केवळ बसथांबे आणि स्थानके यांचाच विचार नाही. दिव्यांगांना परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक प्रवास करता यावा, यासाठी सवलती, वाहनांतील फेरबदल आणि प्रवासातील मदत यांच्या योजना शासनाने आखाव्यात, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. स्थानकांच्या बाबतीत काही घडले. या दुसऱ्या भागाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

वस्तुतः अपंगाच्या बाबतीत मोटार ही चैन नसून ते त्याचे पाय आहेत, ही गोष्ट शासनाला अपरिचित आहे असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीत सम-विषम क्रमांकांचा प्रयोग झाला, तेव्हा अपंग व्यक्ती प्रवास करीत असलेल्या मोटारींना त्यातून वगळण्यात आले होते. निवडणुकीच्या दिवशी दिव्यांग मतदाराने आगाऊ कळविल्यास त्याला घरून मतदान केंद्रावर नेऊन परत आणून सोडण्याची सोय निवडणूक आयोग करतो. मतदानासाठी जी गोष्ट शक्य होते, ती रुग्णालयासाठी, महाविद्यालयासाठी किंवा मुलाखतीला जाण्यासाठी अशक्य का ठरावी, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

मग टॅक्सीच का? कारण ती आधीच रस्त्यावर आहे. तिच्यासाठी नवे स्थानक बांधावे लागत नाही, ती गल्लीच्या तोंडाशी येते आणि रात्री अकरा वाजताही मिळते. एकेकाळी दिल्लीच्या प्रत्येक वसाहतीत झाडाखाली तंबू ठोकून टॅक्सी स्टँड चाले. काळ्या-पिवळ्या अँबॅसिडर गाड्या, एक दूरध्वनी, दोन-चार खाटा आणि घराघरांतील माणसे नावानिशी ओळखणारे चालक. कोणाच्या आईला हात धरून बसवावे लागते, कोणाची खुर्ची टपावर बांधावी लागते, हे त्यांना सांगावे लागत नसे. टपावर कॅरिअर असे आणि त्यावर दोरीने बांधलेली व्हीलचेअर शहरभर फिरून येई. ती व्यवस्था आदर्श होती असे नव्हे. मीटर हा तर त्या काळी केवळ शोभेचाच भाग होता. पण माणूस आणि खुर्ची एकाच वाहनातून जात होती.

आजच्या टॅक्सीत नेमके हेच जमत नाही, आणि त्याचे कारण गमतीचे वाटले तरी खरे आहे. हवेच्या प्रदूषणाला आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेल्या आदेशांनंतर दिल्लीतील सार्वजनिक वाहने क्रमाक्रमाने सीएनजीवर आली. निर्णय योग्यच होता. परंतु छोट्या मोटारीत सीएनजीचा सिलिंडर बसतो तो डिकीत, आणि डिकीत सिलिंडर बसला की घडीच्या व्हीलचेअरला जागा उरत नाही. कॅरिअर तर केव्हाच इतिहासजमा झाला. मग खुर्ची मागच्या आसनावर, प्रवासी पुढे आणि सोबत आलेल्या पत्नीने किंवा भावाने दुसरी टॅक्सी करावी, असा प्रकार घडतो. २०२३ पासून काही उत्पादकांनी एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसविण्याची पद्धत आणली आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. गुरुग्राममधून २०१९ साली सुरू झालेल्या ब्लूस्मार्ट या विद्युत टॅक्सीसेवेच्या मोकळ्या डिकीची सवय एनसीआरमधील प्रवाशांना लागली होती. एप्रिल २०२५ मध्ये ती सेवा थांबली, तेव्हा सामानवाल्या प्रवाशाची गैरसोय झाली, पण व्हीलचेअरवाल्याची त्याहून अधिक झाली. टॅक्सीचा परवाना देताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना ‘घडीची खुर्ची मावेल एवढी डिकी’ ही एकच अट काही ठरावीक गाड्यांना घातली, तरी फार मोठे काम होईल. त्यासाठी विदेशी तंत्रज्ञान लागत नाही, मोजपट्टी पुरते.

याउपर प्रश्न उरतो तो चालकाचा. ‘व्हीलचेअर आहे’ असे कळताच बुकिंग रद्द होते, अशी तक्रार सर्रास ऐकू येते आणि तिचा दोष चालकाच्या माणुसकीवर टाकला जातो. हे निदान अपुरे आहे. खुर्ची घडी करणे, माणसाला उचलून किंवा आधार देऊन बसविणे, उतरल्यावर खुर्ची पुन्हा उघडून देणे यांत चढताना आणि उतरताना मिळून दहा मिनिटे गेली, असे धरू. दिवसाला अशा आठ फेऱ्या झाल्या, तर ऐंशी मिनिटे गेली. म्हणजे गर्दीच्या वेळची निदान एक फेरी बुडाली. त्या ऐंशी मिनिटांचे त्याला काहीही मिळत नाही. गाडीचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेला जातोच. ज्याच्या खिशातून हा वेळ जातो, त्याने तो नेहमीच दयाबुद्धीने द्यावा, ही अपेक्षा हिशेबात बसत नाही. त्याच्या दहा मिनिटांचे मोल कोणी तरी दिले पाहिजे. आणि ते अपंग प्रवाशानेच द्यावे, असे म्हटले तर मग सवलत ती कसली?

या बाबतीत इतर देशांनी निरनिराळे मार्ग चोखाळले आहेत. लंडनमध्ये १ जानेवारी २००० पासून प्रत्येक काळ्या टॅक्सीत व्हीलचेअर चढू शकली पाहिजे, असा नियम आहे. अपंगांची टॅक्सी वेगळी नाही, सर्वांचीच टॅक्सी तशी आहे. न्यूयॉर्कने २०२० पर्यंत निम्म्या पिवळ्या टॅक्सी तशा करण्याचे मान्य केले आणि त्यासाठी २०१५ पासून प्रत्येक फेरीमागे ३० सेंटचा अधिभार सर्व प्रवाशांकडून घेतला. तरीही मुदत टळली आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. जपानमध्ये टोयोटाने २०१७ साली रॅम्पसह खास टॅक्सी बाजारात आणली. तिचा रॅम्प लावण्याचा विधी इतका लांबलचक होता की चालक प्रवाशांना नाकारू लागले, आणि २०१९ मध्ये ती पद्धत कंपनीला सोपी करावी लागली. वाहन निर्माण करूनही काम भागत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय. फिनलंडचा मार्ग सर्वांत साधा वाटतो. तेथे ज्याला तीव्र अपंगत्वामुळे सार्वजनिक वाहनाने जाता येत नाही, त्याला नोकरी आणि शिक्षण यांसाठीच्या प्रवासाखेरीज महिन्याला किमान १८ एकेरी फेऱ्या मिळतात. प्रवासी बसच्या भाड्याइतकी रक्कम देतो आणि उरलेली सार्वजनिक तिजोरीतून भरली जाते. वाहन बहुधा नेहमीची टॅक्सीच असते.

दिल्लीनेही वाहनावर नव्हे, तर फेरीवर पैसा खर्च करावा. आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. फेरीमागे पैसे भरण्याची रीत दिल्लीत रुळलेली आहे. २९ ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना बसप्रवास मोफत झाला, तेव्हा प्रत्येक गुलाबी तिकिटामागे १० रुपये शासनाने भरण्याची पद्धत स्वीकारली गेली. तोच हिशेब टॅक्सीला लावून पाहता येईल. हालचालीशी निगडित अपंगत्व असलेल्या सुमारे ६७ हजार व्यक्तींना महिन्याला १८ फेऱ्या आणि दर फेरीमागे १०० रुपये साहाय्य, असे उदाहरणादाखल धरले, तर महिन्याला सुमारे १२ कोटी आणि वर्षाला सुमारे १४५ कोटी रुपये होतात. यातील प्रत्येकाला टॅक्सी लागणार नाही; उलट २०११ नंतर लोकसंख्याही वाढली आहे. तेव्हा हा आकडा अंदाजपत्रक नव्हे. पण प्रश्न शासनाच्या आवाक्याबाहेरचा नाही, एवढे त्यावरून दिसते. या साहाय्यातच चालकाच्या त्या दहा मिनिटांचे मोल समाविष्ट असावे. मग ज्या प्रवाशाला आज टाळले जाते, तोच प्रवासी हवासा वाटू लागेल.

गैरवापर होईल, हा आक्षेप हमखास येईल. तो गैरलागू नाही, पण त्याचे उत्तर बँकिंग क्षेत्राने आधीच तयार ठेवले आहे. दिव्यांगांना देशभर ग्राह्य असे एकच ओळखपत्र आता दिले जाते. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय सामायिक प्रवास कार्डाची योजना सुरू झाली आणि बँकांची डेबिट कार्डे मेट्रोच्या फाटकावर चालू लागली. ओळखपत्राशी जोडलेल्या अशा कार्डावर महिन्याच्या ठरावीक फेऱ्या भरल्या, तर कोणी, केव्हा, कोठून कोठे प्रवास केला याची नोंद आपोआप राहते. या व्यवस्थेचा एनसीआरला आणखी एक लाभ होईल. येथे यमुना ओलांडून थोडे पुढे गेले की राज्य बदलते. दिल्लीची सवलत नोएडात चालत नाही आणि हरियाणाची दिल्लीत. राहणे गाझियाबादला, नोकरी कॅनॉट प्लेसला आणि उपचार गुरुग्रामला, असा माणूस नेमका कोणत्या राज्याचा लाभार्थी? फेरी माणसाच्या कार्डावर असेल, तर तिला सीमेवर थांबावे लागणार नाही. तिन्ही राज्यांनी आपापसांत हिशेब नंतर मिटवावा. बँका असा हिशेब रोज मिटवीत असतात.

अपंगांसाठी स्वतंत्र टॅक्सीसेवा काढण्याचे प्रयत्नही झाले आहेत. बंगळुरूत किकस्टार्ट आणि मुंबईत ईझीमूव्ह या उपक्रमांनी रॅम्प बसविलेल्या गाड्या आणि प्रशिक्षित चालक उपलब्ध करून दिले. त्यांचे मोल कमी नाही. ज्याला खुर्चीतून उठताच येत नाही, त्याच्यापुढे रॅम्पच्या गाडीखेरीज दुसरा पर्याय नसतो. तथापि अशा थोड्या गाड्यांना एका प्रवाशाकडून दुसऱ्याकडे जाताना शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामे धावावे लागते आणि तो भार भाड्यावर पडतो. म्हणून रॅम्पच्या थोड्या गाड्या, आणि त्याच्या कित्येक पट अधिक अशा साध्या, मोकळ्या डिकीच्या टॅक्सी, असे प्रमाण असावे. या दोहोंच्या मधली एक सोय आता येऊ लागली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर गाडीसाठी दाराबाहेर वळणारे आसन उपलब्ध करून दिले. दिल्लीच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून ही गाडी किती दिसते, हे सांगायला नकोच.

येथे बँकांची जबाबदारीही पाहिली पाहिजे. एटीएमपाशी रॅम्प असावेत आणि नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश बोलणारी असावीत, असे रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये सांगितले. जुलै २०१४ पासून सर्वच नवी यंत्रे बोलणारी असावीत असे ठरले. सत्तरीपुढील ज्येष्ठांना आणि दिव्यांगांना घरपोच मूलभूत सेवा देण्याची सूचना नोव्हेंबर २०१७ मध्ये आली. शाखेच्या दाराशी रॅम्प झाला, हे उत्तमच. पण ज्या खातेदाराला शाखेच्या रस्त्यावर येता येत नाही, त्याच्या लेखी तो रॅम्प नसल्यासारखाच आहे. घरपोच सेवा ही सोय आहे. ती बाहेर पडण्याला पर्याय ठरू नये. निवृत्तिवेतनधारकाला हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाइलवरून देता येतो, तरी नोव्हेंबरात शाखेत येऊन चार ओळखीचे चेहरे पाहावेत असे अनेकांना वाटतेच, आणि त्यात गैर ते काय?

कर्जाच्या बाबतीत बँकांना प्रत्यक्ष काही करता येण्याजोगे आहे. मुद्रा योजनेत टॅक्सीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, आणि पूर्वीचे ‘तरुण’ कर्ज फेडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. १९९७ साली स्थापन झालेले, आज राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळ या नावाने ओळखले जाणारे महामंडळ खुद्द दिव्यांगांना व्यवसायासाठी सवलतीचे कर्ज देते. त्यातून टॅक्सीची मालकी अपंग व्यक्तीकडेही येऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात दिव्यांगांसाठी फेरबदल केलेल्या वाहनाची स्वतंत्र व्याख्या आली आहे. तरीही रॅम्प किंवा वळणारे आसन बसविण्याचा खर्च गाडीच्या मूळ किमतीबाहेरचा म्हणून कर्जदाराने स्वतःच्या पदरचा घालावा, आणि फेरबदल झालेल्या गाडीला पुनर्विक्रीत गिऱ्हाईक मिळेल का म्हणून अधिकाऱ्याने साशंक व्हावे, असे होण्याचा संभव असतो. ही शंका अगदीच निराधार नाही. पण फेरीमागे शासकीय साहाय्य निश्चित झाले, तर त्याच गाडीचे मासिक उत्पन्न साध्या टॅक्सीपेक्षा अधिक खात्रीचे ठरेल आणि कर्जाचे मूल्यमापन करणाऱ्याच्या हाती ठोस आधार येईल. मग फेरबदलाचा खर्च कर्जाच्या रकमेत धरण्यास हरकत राहू नये.

विमानप्रवासाचा दाखला या संदर्भात आठवतो. जावेद अबिदी यांच्याच याचिकेवर १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीव्र अस्थिव्यंग असलेल्यांना इंडियन एअरलाइन्सच्या भाड्यात निम्मी सवलत देण्याचा आदेश दिला होता. दिल्लीहून मुंबईस निघालेल्या अशा प्रवाशाला तेव्हा विमानाचे भाडे निम्मे पडे, आणि पालमच्या विमानतळापर्यंतच्या टॅक्सीचे पूर्ण. अबिदी २०१८ मध्ये निवर्तले. टॅक्सीचे भाडे अजूनही पूर्णच आहे.

२०२५ साली सहकार टॅक्सी ही बहुराज्यीय सहकारी संस्था नोंदविली गेली आणि तिच्या ‘भारत टॅक्सी’ सेवेचा प्रायोगिक आरंभ दिल्लीत झाला. सहकाराची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकाला या प्रयोगाविषयी कुतूहल वाटणे साहजिक आहे. अनेक राज्यांत काम करू शकणारी आणि चालकच जिचे सभासद आहेत अशी ही संस्था फेरीमागील साहाय्याच्या योजनेला जवळची ठरावी. सुरुवात मोठी असण्याची गरज नाही. एम्स, सफदरजंग आणि वसंत कुंजातील स्पायनल इंज्युरीज सेंटर या तीन ठिकाणी दाराशी दोन-दोन टॅक्सींची जागा आखून द्यावी आणि तेथे उभ्या राहणाऱ्या चालकांना एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. खुर्चीचे ब्रेक कोठे असतात, तिची घडी कोणत्या बाजूने होते, माणसाला हात लावण्यापूर्वी त्याला कसे विचारावे, आणि अंध प्रवाशापाशी गाडी थांबल्यावर नुसता हॉर्न न वाजवता खाली उतरून आपले नाव व गाडीचा क्रमांक मोठ्याने सांगावा, एवढेच त्या दिवसात शिकवायचे आहे.